मानमोडीची दुसरी लाट : साथ ‘सौम्य’ की ‘तीव्र’ हे कसे ओळखायचे?

१/
१९१८ साली मुंबईत एकाच आजाराच्या दोन लाटा आल्या. पहिलीचा कळस ३ जुलै रोजी झाला; त्या दिवशी शहरात २३० मृत्यू नोंदले गेले. दुसरीचा कळस ६ ऑक्टोबर रोजी झाला; त्या दिवशीचा आकडा ७६८ होता. शहर तेच, चाळी त्याच, आजारही तोच. मग अवघ्या तीन महिन्यांत काय बदलले? आजार अधिक मारक झाला, माणसे अधिक दुबळी झाली, की आजारीच अधिक जण पडले? हा धागा या प्रश्नाचा आहे. त्याचे उत्तर शोधताना मुंबईबरोबरच कणकवलीच्या परिसराकडेही पाहावे लागते.

२/
आधी नावाविषयी. जगाने या आजाराला ‘स्पॅनिश फ्लू’ म्हटले, तरी त्याचा उगम स्पेनमध्ये झाला नव्हता. पहिल्या महायुद्धात तटस्थ असलेल्या त्या देशातील वृत्तपत्रांवर युद्धकालीन निर्बंध नव्हते, म्हणून तिथल्या बातम्या जगभर पोहोचल्या आणि नाव त्या देशाला चिकटले. हिंदुस्थानात ‘मुंबईचा ताप’ असेही नाव पडले. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील लोकांनी मात्र स्वतःचा शब्द वापरला : मानमोडी. प्रयोगशाळेला आजाराचे कारण कळण्यापूर्वीच लोकांनी त्याचे लक्षण अचूक टिपले होते. अंग असे मोडून येई की रुग्णाला मान उचलणे कठीण होई.

३/
मुंबईतील सुरुवात तारखेसह नोंदलेली आहे. मे १९१८ च्या अखेरीस युद्धावरील सैनिकांना घेऊन आलेले एक जहाज बंदराला लागले. १० जून रोजी पोलीस दलातील सात शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी एकाची नेमणूक गोदीवर होती. ताप हिवतापाचा नव्हता. त्यानंतर जहाज कंपन्या, पोर्ट ट्रस्ट, बँका, तारखाते, टांकसाळ आणि गिरण्या अशा क्रमाने कर्मचारी आजारी पडत गेले. जूनच्या अखेरीस सारे शहर अंथरुणाला खिळले होते. बंदरातून कचेरीत, कचेरीतून गिरणीत, गिरणीतून चाळीत असा हा प्रवास होता.

४/
ही पहिली लाट बहुतेकांनी तीन दिवसांचा ताप म्हणून सोसली. डोके दुखणे, अंग मोडणे, खोकला, चौथ्या दिवशी उतार. मृत्यू झाले, पण ते मुख्यतः लहान मुलांचे आणि वृद्धांचे. म्हणजे फ्लूच्या नेहमीच्या साथीत जसे होतात तसेच. जुलै सरत आला तेव्हा गिरण्यांचे भोंगे पुन्हा नित्याप्रमाणे वाजू लागले होते. साथ येऊन गेली, असे मानायला पुरेसे कारण होते.

५/
सप्टेंबरमध्ये ती परतली तेव्हा तिचे रूप वेगळे होते. तापापाठोपाठ अनेकांना न्यूमोनिया होऊ लागला. फुफ्फुसात पाणी भरे, श्वास अपुरा पडे, ओठ आणि चेहरा निळसर होत. आणि मरणाऱ्यांचे वय बदलले : वीस ते चाळीस या वयातील धडधाकट माणसे मोठ्या संख्येने गेली. हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रियांचे मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. घराघरांतून ज्या वयाची माणसे कमावती आणि सांभाळणारी होती, तेच वय या लाटेने निवडले.

६/
आता कोकण. कणकवली तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होती. सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. कोकण रेल्वे यायला अजून ऐंशी वर्षे होती. तरीही मुंबईशी या भागाचे नाते रक्ताचे होते. १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईतील साधारण दर पाच माणसांपैकी एक माणूस रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. गिरणीत, गोदीत, घरकामात राबणारा हा चाकरमानी पैसे गावी पाठवी, सणाला गावी येई, आजारी पडला तर गावीच येई. मुंबईची साथ ही म्हणूनच कोकणचीही साथ होती.

७/
या येण्याजाण्याला ऋतूचे बंधन होते. मुंबईहून देवगड, मालवण, वेंगुर्ले या बंदरांपर्यंत आगबोटी चालत. तिथून पुढे कणकवलीसारख्या आतल्या गावांत बैलगाडीने किंवा पायी जावे लागे. पावसाळ्यात समुद्र खवळला की या बोटी बंद होत. उरे तो घाटावरून फोंडा किंवा आंबोली उतरून येण्याचा लांबचा मार्ग. पहिली लाट जून-जुलैची, म्हणजे ऐन पावसाळ्यातली. दुसरी सप्टेंबर-ऑक्टोबरची, म्हणजे समुद्र निवळून वाहतूक पुन्हा सुरू होण्याच्या सुमाराची. त्या वर्षी गणेशचतुर्थीही सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती.

८/
हे वेळापत्रक महत्त्वाचे आहे, कारण पहिल्या लाटेचा एक छुपा लाभ होता. अमेरिकी लष्कर आणि ब्रिटिश आरमार यांच्या १९१८ च्या नोंदींचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा असे दिसले की उन्हाळ्यातील लाटेत जे आजारी पडले होते, त्यांना शरद ऋतूतील लाटेत बऱ्याच अंशी संरक्षण मिळाले. म्हणजे पहिला ‘सौम्य’ ताप ही नकळत मिळालेली लस होती. ज्या गावाला पावसाळ्याने पहिल्या लाटेपासून दूर ठेवले असेल, ते गाव दुसऱ्या लाटेपुढे अधिक उघडे राहते. दूर राहणे हे नेहमीच वाचणे नसते; कधी ते केवळ पुढे ढकलणे असते.

९/
आता मूळ प्रश्न. दुसऱ्या लाटेत मृत्यू अधिक झाले, हे निर्विवाद. पण ‘मृत्यू अधिक’ आणि ‘आजार अधिक तीव्र’ ही दोन वेगळी विधाने आहेत. तीव्रता हा एक अपूर्णांक आहे. अंशस्थानी मृत्यू, छेदस्थानी आजारी पडलेली सर्व माणसे. अंश तिप्पट झाला आणि छेदही तिप्पट झाला, तर तीव्रता होती तेवढीच राहते. १९१८ ची अडचण अशी की अंश कसाबसा मोजला गेला. छेद कोणीच मोजला नाही. घरी तीन दिवस निजून बरा झालेला माणूस कोणत्याही वहीत येत नाही.

१०/
अंशही किती कसाबसा मोजला गेला, हे पाहण्यासारखे आहे. खेड्यांतील जन्म-मृत्यूंची नोंद गावच्या वहीत होई. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात, महसुली भाषेत तो गाव नमुना १४. मृत्यूच्या कारणांचे सरकारी रकाने ठरलेले होते : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, इजा, इतर. त्यांत इन्फ्लुएन्झाला स्वतंत्र जागा नव्हती. त्यामुळे मानमोडीने मेलेला माणूस बहुधा ‘ताप’ या रकान्यात गेला. हिवतापाने मेलेलाही तिथेच.

११/
मग इतिहासकार मानमोडीचे बळी मोजतात कसे? पद्धत साधी आहे. आधीच्या काही वर्षांत त्याच महिन्यांत सरासरी किती मृत्यू होत, ते काढायचे. १९१८ च्या त्या महिन्यांतील आकड्यातून ते वजा करायचे. उरतात ते ‘अतिरिक्त मृत्यू’. या मार्गाने मुंबई इलाख्यातील मृत्यूचे प्रमाण दर हजारी सुमारे ५५ येते. संपूर्ण हिंदुस्थानाचा आकडा सुरुवातीच्या सरकारी अंदाजात ६० लाखांच्या आसपास होता. नंतरच्या संशोधकांचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत जातात. एकाच घटनेविषयीचे दोन अंदाज तिपटीने वेगळे असू शकतात, ही बाब ध्यानात ठेवावी.

१२/
जनगणनेतही हा घाव उमटला आहे. १९११ ते १९२१ हे भारताच्या जनगणनेच्या इतिहासातील लोकसंख्या घटल्याचे शेवटचे दशक आहे. आजच्या महाराष्ट्राच्या सीमांत मोजले, तर १९११ मध्ये सुमारे २ कोटी १५ लाख असलेली लोकसंख्या १९२१ मध्ये सुमारे २ कोटी ८ लाखांवर आली. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा सुमारे १२ लाखांवरून साडेअकरा लाखांच्या आसपास उतरला. अर्थात जनगणना मृत्यूबरोबर स्थलांतरही मोजते. कोकणच्या बाबतीत तर ते विशेषच. म्हणून हा घाव किती मानमोडीचा, किती प्लेगचा आणि किती मुंबईकडे गेलेल्या पावलांचा, हे केवळ या दोन आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही.

१३/
छेद हरवलेला असताना दुसरी लाट खरोखर अधिक तीव्र होती, असे कशावरून म्हणायचे? पहिला पुरावा वयाचा. केवळ रुग्णसंख्या वाढली असती, तर सर्व वयांचे मृत्यू साधारण एकाच पटीत वाढले असते. इथे तरुणांच्या मृत्यूंचा वाटाच बदलला. दुसरा पुरावा आजाराच्या चालीचा : न्यूमोनियात रूपांतर होणाऱ्या रुग्णांचे प्रमाण जगभरातील डॉक्टरांना एकाच वेळी वाढलेले दिसले. हे दोन्ही पुरावे मृत्यूंच्या बेरजेवर अवलंबून नाहीत, म्हणून ते अधिक भरवशाचे.

१४/
परंतु एक तिसरा पुरावा गोष्ट गुंतागुंतीची करतो. १९१८ साली मरण पावलेल्या ६८ अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनातील जपून ठेवलेल्या ऊतींचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील काही सैनिक मे ते ऑगस्ट या काळात, म्हणजे मोठ्या लाटेच्या आधीच गेले होते. त्यांच्या फुफ्फुसांतील विध्वंस आणि ऑक्टोबरमध्ये गेलेल्यांच्या फुफ्फुसांतील विध्वंस यांत फरक दिसला नाही. म्हणजे पहिल्या लाटेतही हा आजार ज्याला मारी, त्याला तसाच मारी. फरक पडला तो त्या टोकापर्यंत किती जण पोहोचले, यात.

१५/
मग त्या टोकापर्यंत माणसे अधिक का पोहोचली? विषाणूत बदल झाला असणे शक्य आहे. पण शरीरांतही बदल झाला होता. १९१८ चा पाऊस देशभर सरासरीपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी पडला. हिंदुस्थानच्या पर्जन्यनोंदीतील ते अतिशय वाईट वर्षांपैकी एक. युद्धामुळे धान्याचे भाव आधीच चढलेले होते. खरीप बुडत असतानाच दुसरी लाट आली. जूनमध्ये ज्या शरीराने ताप झटकून टाकला असता, ते शरीर ऑक्टोबरमध्ये अर्धपोटी होते. विषाणू बदलला की माणूस, हा प्रश्न इथे ‘दोन्ही’ या उत्तराकडे झुकतो.

१६/
शरीराचा आणि परिस्थितीचा वाटा किती मोठा, हे मुंबईच्याच एका तक्त्यात दिसते. तत्कालीन अहवालाने समाजगटांनुसार मृत्यूचे प्रमाण दिले आहे. युरोपीय : दर हजारी ८.३. पारशी : ९.०. मुसलमान : १९.२. सवर्ण हिंदू : १८.९. आणि अहवाल ज्यांना ‘कनिष्ठ जातीचे हिंदू’ म्हणतो, त्यांच्यात : ६१.६. शहर एक, महिना एक, विषाणू एक. मृत्यूच्या प्रमाणात सातपटींहून अधिक अंतर. लाट ‘किती तीव्र होती’ असे विचारले, तर उत्तर मलबार हिलवर एक मिळेल आणि कामगार वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत दुसरे.

१७/
या तफावतीचे कारण रक्तात शोधण्याची गरज नाही. एका खोलीत आठ-दहा माणसे, अपुरे अन्न, आणि आजारी पडल्यावर पाणी देणाराही आजारी. मानमोडीवर औषध नव्हते. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा आणि माणसातील इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रथम वेगळा करण्यात आला तो १९३३ साली. उपयोगी पडे ती शुश्रूषा : ऊब, पेज, पाणी, विश्रांती. म्हणूनच ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे वस्त्यांतील मदतकार्य मोलाचे ठरले. जिथे शुश्रूषा पोहोचली नाही, तिथे तोच आजार ‘तीव्र’ झाला.

१८/
आता एकशे दोन वर्षे पुढे. कोविडच्या वेळी चाचण्या होत्या, म्हणजे छेद मोजण्याचे साधन प्रथमच हाती आले. महाराष्ट्रात पहिल्या लाटेच्या कळसाला, सप्टेंबर २०२० मध्ये, दिवसाला सुमारे २५ हजार नवे रुग्ण नोंदले गेले. दुसऱ्या लाटेत १८ एप्रिल २०२१ रोजी हा आकडा ६८ हजारांवर गेला. तिसऱ्या, ओमायक्रॉनच्या लाटेत जानेवारी २०२२ मध्ये तो ४८ हजारांच्या आसपास पोहोचला. पण मृत्यू मात्र त्या लाटेत दिवसाला जास्तीत जास्त शंभराच्या घरात राहिले. वरवर पाहता उत्तर सरळ आहे : दुसरी भीषण, तिसरी सौम्य. तरीही थोडे थांबावे.

१९/
भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय नोंदवहीत रुग्णालयांत दाखल झालेल्या हजारो रुग्णांची तुलना करण्यात आली. पहिल्या लाटेत दाखल रुग्णांपैकी १०.२ टक्के दगावले, दुसऱ्यात १३.३ टक्के. रुग्णांचे सरासरी वय सुमारे ५१ वरून ४९ वर आले, आणि श्वास लागण्याची तक्रार वाढली. यावरून डेल्टा हा प्रकार अधिक मारक आणि तरुणांवर अधिक रोख धरणारा, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. त्यात तथ्य असू शकते. पण केवळ या आकड्यांवरून तो सिद्ध होत नाही. का, ते एका हिशेबाने पाहू.

२०/
समजा, शंभर जणांना लागण झाली. त्यांत दहा गंभीर आणि दोन दगावणारे. पहिल्या लाटेच्या सुरुवातीला लक्षणे असोत-नसोत, चाचणी सकारात्मक आली की दाखल करून घेत. म्हणजे शंभर दाखल, दोन मृत्यू : २ टक्के. दुसऱ्या लाटेत खाटा अपुऱ्या पडल्या. प्राणवायूची पातळी उतरलेल्यांनाच प्रवेश. दहा दाखल, दोन मृत्यू : २० टक्के. आजार तसूभरही बदललेला नाही, पण ‘रुग्णालयातील मृत्युदर’ दहापट झाला. दारात कोण उभे राहू शकले, हे न पाहता आतले आकडे वाचले की अशी फसगत होते.

२१/
वयाचेही तसेच. लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. १ मार्चपासून साठ वर्षांवरील नागरिक, १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्व, आणि १ मेपासून अठरा वर्षांवरील. म्हणजे दुसरी लाट उसळली तेव्हा वृद्धांपैकी काहींना लसीचे कवच मिळालेले होते, तरुणांना नव्हते. वृद्ध कमी झाले की सरासरी वय आपोआप खाली येते. ‘विषाणूने तरुणांना लक्ष्य केले’ या वाक्याआधी ‘वृद्धांना कोणी वाचवले’ हा प्रश्न विचारावा लागतो.

२२/
शिवाय ‘दुसरी लाट’ हा शब्दच फसवा आहे. लाट सगळीकडे एकाच दिवशी येत नाही. ४ जून २०२१ च्या आदेशाने राज्याने जिल्ह्यांची पाच स्तरांत विभागणी केली. निकष दोन होते : बाधितांचे प्रमाण आणि प्राणवायूच्या खाटांचा वापर. त्या वेळी नागपूर पहिल्या स्तरात, म्हणजे जवळजवळ मोकळे होते. सिंधुदुर्ग चौथ्या स्तरात होता. त्याच जूनमध्ये डेल्टा प्लसचे राज्यात २१ रुग्ण जाहीर झाले, त्यांत रत्नागिरीचे ९ आणि सिंधुदुर्गाचा १. राज्याचा आलेख उतरत असताना कोकणचा आलेख अजून चढावर होता. कणकवलीची लाट मुंबईच्या तारखांनी मोजता येत नाही. १९१८ मध्ये नाही, २०२१ मध्येही नाही.

२३/
मग न्याय्य तुलना कशी करायची? सारख्याची सारख्याशी. एकाच वयाचे, सारख्याच लसीकरणाचे, एकाच आठवड्यात चाचणी झालेले रुग्ण घ्यायचे आणि त्यांपैकी किती रुग्णालयात गेले ते पाहायचे. इंग्लंडमध्ये सुमारे ४३ हजार रुग्णांवर असा अभ्यास झाला. त्यात डेल्टाने रुग्णालयात जावे लागण्याचा धोका आधीच्या अल्फा प्रकारापेक्षा दुपटीहून अधिक आढळला. नंतर ओमायक्रॉनचा धोका याच रीतीने तपासला गेला. तो डेल्टाच्या निम्म्याहून कमी निघाला. म्हणजे दुसरी लाट अधिक तीव्र होती, हा सर्वसाधारण समज बरोबर ठरला. पण तो बरोबर ठरला या तपासणीने. रुग्णालयातील टक्केवारीने नव्हे.

२४/
आणि तरीही ‘ओमायक्रॉन सौम्य’ हे विधान अर्धवटच. २०२२ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये तोच ओमायक्रॉन पसरला. तिथे दोन वर्षे कडक निर्बंधांमुळे फार थोड्यांना लागण झाली होती, आणि अतिवृद्धांपैकी अनेकांनी लस घेतलेली नव्हती. काही महिन्यांत ९ हजारांच्या आसपास माणसे दगावली. लोकसंख्येच्या मानाने मार्चमधील तिथला मृत्युदर जगात सर्वाधिक दरांपैकी होता. विषाणू तोच, शरीरे वेगळी. भारतात तिसरी लाट हलकी गेली, तेव्हा तिच्यासमोर लस घेतलेली आणि दुसऱ्या लाटेतून गेलेली शरीरे होती. त्या हलकेपणाची किंमत आधीच मोजली गेली होती.

२५/
अंश मोजण्याचा जुना प्रश्नही सुटलेला नाही. जून २०२१ मध्ये महाराष्ट्राने नोंदींचा ताळमेळ घातला, तेव्हा आधी राहून गेलेले हजारो मृत्यू एकूण आकड्यात मिळवावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये ‘अतिरिक्त मृत्यूं’च्या पद्धतीने भारताचा २०२० आणि २०२१ या दोन वर्षांचा अंदाज सुमारे ४७ लाख दिला, त्या दोन वर्षांची अधिकृत संख्या पाच लाखांच्या आत होती. भारत सरकारने या पद्धतीवर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, साधन तेच आहे जे १९१८ साठी वापरले जाते : सरासरी काढा, वजा करा, उरलेल्यांचा हिशेब मागा.

२६/
याचा अर्थ ‘आकड्यांवर विश्वास ठेवू नका’ असा मुळीच नाही. प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारावेत. छेदात कोण आहे : सर्व बाधित, चाचणी झालेले, की दाखल झालेले? लाट ज्या शरीरांवर आली, ती मधल्या काळात कशी बदलली : भुकेने, लसीने, की आधीच्या आजाराने? आणि मोजणी कोणत्या जागी, कोणत्या तारखेला झाली? ही तीन उत्तरे हाती आली की उरतो तो विषाणूचा वाटा. तो आधीच गृहीत धरला, तर भूक आणि दाटीवाटी या दोन गुन्हेगारांची सुटका होते.

२७/
या चुकीची किंमत अमूर्त नसते. जुलै १९१८ मध्ये पहिल्या लाटेचा सौम्यपणा हा आजाराचाच स्वभाव मानला गेला, आणि ऑक्टोबरसाठी कोणाचीच तयारी नव्हती. २०२१ च्या आरंभी पहिली लाट ओसरली, तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी कोविड केंद्रे आवरली गेली. एप्रिलमध्ये प्राणवायूसाठी धावाधाव झाली. दोन्ही वेळी सरलेल्या लाटेवरून येणाऱ्या लाटेचा अंदाज बांधला गेला. लाटेची तीव्रता मोजणे हे म्हणूनच केवळ विद्वानांचे काम नाही. पुढच्या लाटेसाठी किती खाटा ठेवायच्या, हे त्यावर ठरते.

२८/
ज्यांना या इतिहासात स्वतः उतरायचे असेल, त्यांच्यासाठी वाट फार दूरची नाही. अलीकडे जातीच्या दाखल्यांसाठी महाराष्ट्रभर लोक जुनी कोतवाल बुके धुंडाळतात. पणजोबांचे नाव सापडले की पान मिटतात. कोकणातल्या एखाद्या गावची १९१८ ची वही हाती लागली, तर तीत जून ते डिसेंबरची पाने उघडावीत. महिन्यागणिक ‘ताप’ या कारणाच्या नोंदी मोजाव्यात, मृतांची वये शेजारी मांडावीत, मग १९१६ आणि १९१७ ची तीच पाने पाहावीत. एका वहीतून दोन्ही लाटा दिसू शकतील. ‘तीव्र’ या शब्दाचा अर्थ त्या गावापुरता तरी, ‘ताप’ या दोन अक्षरांपुढे लिहिलेल्या वयांतून कळेल.